गिनतीबाहेरचं चित्र

साशंक : नाशिक रोडच्या मध्यवर्ती कारागृहात कैदी जे घडवतात त्याला गिऱ्हाईक आहे. गणपतीच्या आधी त्यांनी केलेल्या शाडूच्या मूर्ती विक्रीला येतात आणि लोक त्या हौसेनं घरी नेतात. मागावर पैठणी विणली जाते. येवला याच जिल्ह्यात आहे, म्हणजे सुटल्यावर त्या हाताला काम मिळण्याची निदान आशा तरी आहे. कारखाना विभागात कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा दरानं मजुरी मिळते, तिच्यातून कँटीनचा खर्च निघतो, कुणी घरी पैसे पाठवतो. आता तुम्ही म्हणता, याच माणसाला कागद द्या, रंग द्या आणि ज्यात ना माणूस, ना झाड, ना देव, असं चित्र काढू द्या. मला त्याचा राग येत नाही, पण ज्याचं आयुष्यच विस्कटलं आहे त्याच्या हाती आणखी एक न उमगणारी गोष्ट कशासाठी द्यायची, हे मला कळत नाही. चित्रच काढायचं तर त्यानं घर काढावं, आई काढावी, गावाकडचं शेत काढावं. मुलाखतीला आलेल्या लेकीला ते दाखवता येईल. ‘बाबा, हे काय काढलंत?’ असं तिनं विचारलं तर बापाकडे उत्तर असेल.

रसिक : घर, आई, शेत ही तुमची तीन उदाहरणंच घेऊ. तुरुंगात माणसाचं सगळं वाचलं जातं. आलेलं पत्र वाचलं जातं, जाणारं पत्र वाचलं जातं. झडतीत त्याची वळकटी उलगडली जाते. सकाळी बराक उघडताना गिनती, संध्याकाळी बंदीच्या वेळी गिनती. वागणूकही वाचली जाते, कारण शिक्षेतल्या माफीचे दिवस तिच्यावर ठरतात. फर्लो किंवा पॅरोलचा अर्ज केला की त्याच्याबद्दलचे अहवाल मागवले जातात. अशा माणसानं घर काढलं की लोक म्हणणार, घरची ओढ लागली आहे. आई काढली की म्हणणार, पश्चात्ताप होतो आहे. तुटलेली बेडी आणि उडणारं कबुतर काढलं की म्हणणार, सुधारला. कैद्यांच्या चित्रांचं प्रदर्शन म्हटलं की हीच चित्रं डोळ्यांसमोर येतात, आणि त्यातलं प्रत्येक चित्र पाहणाऱ्याला हवं तेच बोलतं. मला त्या माणसाला अशी एक जागा द्यायची आहे, जिथे त्याच्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. चार करड्या पट्ट्या आणि त्यांच्यामधून गेलेली एक पिवळी फट. ‘हे काय काढलंत?’ या प्रश्नाला उत्तर न देण्याची मुभा बाहेर आपल्या सगळ्यांना आहे. आत ती कुणालाच नाही.

साशंक : पण याच नाशिकच्या तुरुंगातलं सर्वांत मोठं लेखन बघा. १९३३ च्या फेब्रुवारीत, पाच दिवसांत, साने गुरुजींनी तिथे ‘श्यामची आई’ लिहिली. ती कळायला कुणाला समीक्षक लागला नाही. खेड्यातल्या शाळेत ती वाचली गेली आणि वाचणारा गुरुजीही रडला. तुरुंगात बसून निर्माण केलेली कलाकृती भिंत ओलांडते ती अशी, सगळ्यांना कळेल अशा भाषेत. तुमची पिवळी फट कोणती भिंत ओलांडणार?

रसिक : साने गुरुजींकडे तुरुंगानं ती आई मागितली नव्हती. ते सत्याग्रही होते. आपण गुन्हेगार नाही हे त्यांना ठाऊक होतं, त्यांच्या माणसांना ठाऊक होतं, आणि सरकारलाही मनातून ठाऊक असणार. पश्चात्ताप सिद्ध करण्याचं ओझं त्यांच्यावर नव्हतं, म्हणून त्या पुस्तकातले अश्रू मोकळे आहेत. आणि त्याच सुमारास त्याच तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता ही मंडळी समाजवादावर वाद घालत होती. त्या वादांतून पुढे १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. एका बराकीत आईची गोष्ट, दुसरीकडे कोरडी तत्त्वचर्चा, आणि दोन्ही खरं. पुढे मात्र आपण मराठी माणसांनी एक विचित्र गोष्ट केली. तुरुंगातल्या प्रत्येक माणसानं श्यामच व्हावं, आई आठवावी, डोळे पुसावे आणि शुद्ध होऊन बाहेर यावं, अशी अपेक्षा धरून बसलो. ज्याची आई आठवावी अशी नव्हती, किंवा ज्याला ती आठवण कुणाला दाखवायची नाही, त्यानं काय करायचं?

साशंक : त्यानं गप्प बसावं. गप्प बसण्याला रंग लागत नाहीत. पण मला याहून गंभीर शंका आहे. तुम्ही समजता की न वाचता येणारं चित्र तुरुंगाला खुपेल. मला उलट भीती आहे. ते तुरुंगाच्या फार सोयीचं ठरेल. अरुण फरेरा नागपूरच्या कारागृहात २००७ ते २०१२ या काळात होते. त्यांच्या ‘कलर्स ऑफ द केज’ या पुस्तकात त्यांनी स्वतः काढलेली, आतलं जगणं दाखवणारी रेखाचित्रं आहेत. ती रेखाटनं पाहून बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा कळतं की आत शरीराला किती जागा मिळते. त्यांनी त्याऐवजी करड्या पट्ट्या काढल्या असत्या तर आपल्याला काय कळलं असतं? बराकीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं कोंबलेली आहेत हे अमूर्त चित्र सांगत नाही. ते अधीक्षकांच्या खोलीत निर्धास्त टांगता येईल. पाहुणे येतील, म्हणतील, वा, किती शांत रंग आहेत. आतल्या माणसाला जे बोलायचं होतं ते त्या शांत रंगांत बुडून जाईल.

आणि तुम्ही या आकारांना मोकळीक देणारे समजता, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. स्पेनच्या यादवी युद्धात, १९३८ च्या सुमारास, बार्सिलोनामध्ये अल्फोन्स लॉरेन्चिच नावाच्या माणसानं कैद्यांचा छळ करण्यासाठी खास कोठड्या उभारल्या. पलंग इतका उतरता की झोपलेला माणूस घसरावा. जमिनीवर विटा अशा बसवलेल्या की येरझारा घालता येऊ नयेत. आणि भिंतींवर चौकोन, रेषा, वर्तुळं, नजरेला भोवळ आणणारे रंग, म्हणजे कँडिन्स्की, क्ले यांच्या आधुनिक चित्रकलेतून उचललेली भाषा. युद्ध जिंकलेल्या फ्रँकोच्या बाजूनं त्याच्यावर चालवलेल्या खटल्याच्या कागदपत्रांतून हे एका स्पॅनिश कला-इतिहासकारानं २००३ मध्ये पुढे आणलं. अमूर्ताचा तुरुंगाशी आलेला एक संबंध हा आहे.

रसिक : ते कागद विजेत्यांच्या न्यायालयातले आहेत, हे लक्षात ठेवू. पण ते खरं धरूनच बोलतो. त्या भिंतीवरचे चौकोन कैद्यानं काढलेले नव्हते. ते त्याच्यावर लादलेले होते, आणि तिथून नजर हटवायला जागा ठेवलेली नव्हती. त्याच भिंतीवर चोवीस तास नजरेसमोर एखाद्या संताचं चित्र ठेवलं असतं आणि जमिनीवर त्याच विटा असत्या, तरी तो छळच झाला असता. तुमचं उदाहरण मला आकारांबद्दल थोडं सांगतं, हाताबद्दल बरंच. रेषा कुणी ओढली, हा पहिला प्रश्न.

याच काळातलं दुसरं उदाहरण घ्या. कुर्ट श्विटर्स हा जर्मन कलावंत नाझींपासून पळून ब्रिटनला पोचला आणि १९४० मध्ये तिथे ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ म्हणून आइल ऑफ मॅन बेटावरच्या हचिन्सन छावणीत डांबला गेला. तिथे तो सोबतच्या कैद्यांची व्यक्तिचित्रं काढायचा, अगदी हुबेहूब, आणि त्याचे पैसे घ्यायचा. त्याच वेळी न्याहारीला मिळणाऱ्या, उरलेल्या ओटच्या लापशीतून तो विचित्र आकाराची शिल्पं उभी करत होता. ती सडली, त्यांना बुरशी आली, त्यातलं काही उरलं नाही. या माणसाला हुबेहूब काढता येत होतं, त्याचा मोबदलाही मिळत होता, तरी लापशीचे ते आकार त्याला करावेसे वाटले. ज्याला चित्र येत नाही तो अमूर्ताकडे वळतो, असा जो सरसकट समज आहे, त्याला हे उत्तर आहे.

साशंक : श्विटर्स छावणीत शिरण्यापूर्वीच नावाजलेला कलावंत होता. तो आत गेला तेव्हा त्याच्याबरोबर त्याचं सगळं शिक्षण आत गेलं. मी बोलतोय ते आठवीत शाळा सुटलेल्या, सिन्नरच्या कारखान्यात हमाली करणाऱ्या पोराबद्दल. त्याच्या बोटांना पेन्सिल धरायची सवय नाही. त्याला तुम्ही एकदम शेवटच्या पायरीवर नेऊन उभं करता.

रसिक : शेवटची पायरी कुणी ठरवली? आपल्याकडे शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षा असतात. त्यांत वस्तुचित्र असतं, स्मरणचित्र असतं आणि संकल्पचित्रही असतं. चौकटीत आकार बसवायचे, एकमेकांवर चढवायचे, रंगांचा तोल साधायचा. महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी अमूर्त रचना पहिल्यांदा तिथे केली, आणि कुणी त्यांना विचारलं नाही की हा त्रिकोण म्हणजे काय. त्याच्याही आधी त्यांच्या आयांनी अंगणात ठिपके मोजून रांगोळी घातली होती. तो पोर आकार-रंगांच्या या भाषेला परका नाही. परका आहे तो हुबेहूब चित्राला, कारण हुबेहूब चित्राला समोर काहीतरी असावं लागतं.

इथे मला नाशिकबद्दल बोलायचं आहे. या शहराची चित्रपरंपरा निसर्गचित्राची आहे. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी जलरंगात घाट रंगवले, देवळं रंगवली, ऊन रंगवलं. गोदाघाटावर पॅड घेऊन बसलेली मुलं हे इथलं नेहमीचं दृश्य आहे. आता ही परंपरा भिंतीच्या आत नेऊन बघा. निसर्गचित्राला क्षितिज लागतं. आत क्षितिज म्हणजे भिंतीची वरची कड. वस्तुचित्रासाठी थाळी, वाटी, मग. व्यक्तिचित्रासाठी शेजाऱ्याचा चेहरा, पण आपला चेहरा तुरुंगात कागदावर उतरावा असं त्या शेजाऱ्याला वाटेलच असं नाही. उरलं स्मरणचित्र, आणि आठवणसुद्धा वापरून झिजते. दहा वर्षं गाव न पाहिलेल्या माणसाचं गाव हळूहळू कॅलेंडरवरच्या गावासारखं दिसायला लागतं. त्याच्या रोजच्या पाहण्यात खरोखर काय आहे? चुन्याच्या भिंतीवर सकाळी सरकणारा उजेडाचा पट्टा. पावसाळ्यात त्याच भिंतीवर चढणारी ओल. गजांची सावली लांब होते, आखूड होते. त्यानं हे प्रामाणिकपणे काढलं तर ते तुम्हाला अमूर्त वाटेल. त्याच्या दृष्टीनं ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

साशंक : हे तुमचं आतापर्यंतचं सर्वांत चांगलं उत्तर आहे. ओल चढलेली भिंत रंगवणं म्हणजे जगापासून तोंड फिरवणं नव्हे, हे मला पटतं.

[दोघांना इथे जरा थांबवून लिहिणाऱ्यानं एक गोष्ट मध्ये घालायला हवी, कारण दोघंही ‘कैदी’ हा शब्द जणू सगळ्यांचे गुन्हे सिद्ध झाले आहेत अशा थाटात वापरत आहेत. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार भारतातल्या तुरुंगांत असलेल्या दर चार माणसांपैकी सुमारे तीन न्यायाधीन बंदी आहेत, तुरुंगाच्या बोलीत ‘कच्चे कैदी’. त्यांचा गुन्हा ठरलेला नाही. त्यांना सक्तमजुरी नाही, म्हणून कारखान्यातलं कामही सहसा नाही. त्यांच्याकडे आहे ती फक्त पुढची तारीख. कैद्यांच्या कलेवर बोलताना पश्चात्तापाचं नाव निघालं की मला अस्वस्थ वाटतं ते यामुळे. बहुसंख्यांकडून तो मागण्याचा आपल्याला आज अधिकारच नाही.]

रसिक : हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे, तो पुढे नेतो. कच्च्या कैद्यानं घर काढलं, घरात दोन माणसं काढली, एकाच्या हातात कोयता काढला. कदाचित तो ऊस तोडत असेल. पण खटला कोयत्याचा असेल तर त्याचा वकील तो कागद आधी फाडून टाकायला सांगेल. आकृती साक्ष देते, आणि ती कोणाच्या बाजूनं साक्ष देईल हे काढणाऱ्याच्या हातात राहत नाही. चार पट्ट्यांना उलटतपासणीला उभं करता येत नाही. त्याच्या मनात जे चाललंय ते बाहेर काढण्याचा त्याच्यापुरता हा सुरक्षित रस्ता आहे.

साशंक : कायद्याच्या दृष्टीनं सुरक्षित असेल. झडती घेणाऱ्या शिपायाच्या दृष्टीनं? ज्याचा अर्थ लागत नाही अशी रेषांची जाळी वळकटीत सापडली तर त्याला पहिली शंका नकाशाची येईल, दुसरी सांकेतिक निरोपाची. त्याची नोकरी त्या शंकेवर चालते, त्याला दोष देता येत नाही. गणपतीची कुणालाच शंका येत नाही. पण ते सोडा. तुम्ही मघापासून ‘न वाचता येणारं’ असं म्हणता आहात. तुरुंगात जगलेल्या ज्या अमूर्त चित्रकारांची नावं जगापर्यंत पोचली, त्यांचं काय झालं ते सांगा.

रसिक : दोन नावं सांगतो, दोन्ही अमेरिकेतली. जॅरेड ओवेन्स यांनी अठरा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला आणि चित्रकला तिथेच, आपली आपण शिकले. न्यू जर्सीतल्या फेअरटन इथल्या संघीय तुरुंगाच्या आवारातली माती त्यांच्या अमूर्त चित्रांत रंगाबरोबर मिसळलेली आहे. गिल्बर्टो रिव्हेरा यांचं ‘ॲन इन्स्टिट्यूशनल नाइटमेअर’ हे २०१२ चं चित्र कैद्याचा गणवेश, कँटीनचे कागद, फरशीचं मेण, वर्तमानपत्रं असं सगळं कॅनव्हासवर चिकटवून, रंग फासून केलेलं आहे. निकोल फ्लीटवूड या अभ्यासक बाईंनी २०२० मध्ये ‘मार्किंग टाइम’ हे पुस्तक लिहिलं, त्याच नावाचं प्रदर्शन न्यूयॉर्कमध्ये भरवलं, आणि ही चित्रं लोकांपुढे आली. त्यांचं म्हणणं असं की शिक्षेचा काळ, शिक्षेची जागा आणि शिक्षेच्या आवारात मिळणाऱ्या वस्तू, या तिन्हींनी मिळून ही कला घडते. तुम्ही म्हणालात ना, अमूर्त चित्र तुरुंगाबद्दल काही सांगत नाही? हे चित्र तुरुंगाचंच बनलेलं आहे.

साशंक : आता पकडलं तुम्हाला. ती माती तुरुंगातली आहे हे तुम्हाला चित्रानं सांगितलं की चित्राशेजारच्या चिठ्ठीनं? चिठ्ठी काढून घ्या, उरतो तपकिरी रंग. चित्रकार अठरा वर्षं आत होता, हे चिठ्ठीनं सांगितलं. म्हणजे ज्या फायलीतून तुम्ही त्याला सोडवायला निघाला होतात, तीच फाईल चार ओळींची होऊन चित्राच्या उजव्या बाजूला येऊन बसली. आणि ती काढली तर कुणी थांबून बघणार नाही, हेही खरं. न वाचता येणारं चित्र लोक बघतात ते चित्रकाराचा गुन्हा वाचता येतो म्हणून.

रसिक : हा घाव खरा आहे. मी तो टाळत नाही. चिठ्ठीशिवाय ओवेन्स यांची चित्रं मी वेगळ्या नजरेनं पाहिली असती. पण हा त्रास तुरुंगातल्या चित्रांपुरता नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे घ्या. नागपूरला जन्म, जेजेत शिक्षण, १९७२ पासून दिल्लीत निजामुद्दीनला एकांतात वस्ती. वर्षाकाठी मोजकीच चित्रं. ती ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ आहेत असं म्हणणंसुद्धा त्यांना मान्य नव्हतं, बहुतेक चित्रांना नावंही देत नसत. आज आपण गायतोंडे बघायला जातो तेव्हा त्यांचा एकांत, मौन, झेनची ओढ हे सगळं डोक्यात घेऊनच जातो. तीही चिठ्ठीच आहे. तरी काही वेळानं चिठ्ठी गळून पडते, आणि रोलरनं पसरलेल्या, खरवडून काढलेल्या रंगाच्या थरांमागून जो उजेड येतो तेवढा उरतो. तुरुंगातल्या माणसाच्या चित्रालाही तेवढा वेळ द्या, एवढंच मागतो.

साशंक : गायतोंड्यांचं नाव काढलंत तर ते शेवटपर्यंत तपासू. त्यांच्या १९६१ च्या एका चित्राला २०२१ मध्ये लिलावात सुमारे ४० कोटी रुपये मिळाले. त्यांच्या मौनाला जग किंमत देतं, कारण ते त्यांनी स्वतः निवडलेलं मौन होतं. पांडवलेणी चढून बघा. तिथल्या विहारांत दगडात कोरलेल्या भिक्षूंच्या कोठड्या आहेत, अंगापुरत्या, अंधाऱ्या. मापं घेतलीत तर तुरुंगातल्या कोठडीशी जुळतील. पण भिक्षू तिथे आपण होऊन राहायला आला होता, आणि पावसाळा सरला की भिक्षेला, प्रवासाला बाहेर पडत होता. चित्रकाराचा एकांत, साधूचा एकांत आणि कैद्याचा एकांत यांना एका ओळीत बसवणं मला कैद्यावर अन्याय वाटतो. त्यातून सक्तीला एक उदात्तपणा चिकटतो. उद्या कुणी म्हणेल, अंडा सेलमध्ये एकटं ठेवलं तर काय बिघडलं, ध्यान लागेल.

रसिक : नाही, ती ओळ मी लावणार नाही. एकांतानं चित्र येतं असं मला म्हणायचंच नव्हतं. नाशिक रोडला एकांत कुठे आहे? बराकीत माणसाला मिळत नाही ती एकच गोष्ट म्हणजे एकटेपणा. अंगाला अंग लागून झोपायचं, न्हायचं सगळ्यांसमोर. म्हणून तर मला हातभर कागदाची गरज वाटते. तेवढ्या जागेत दुसऱ्या कुणाचं अंथरूण येत नाही.

साशंक : आणि तो कागद त्याचा किती दिवस? टिळकांनी मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहिलं ते शिसपेन्सिलीनं, पानं मोजून दिलेल्या बांधीव वह्यांत. म्हणजे तिथेही पानांची गिनती होतीच. पण विचार शब्दांत होता, वही गेली तरी डोक्यात राहिला असता. भगूरचे सावरकर अंदमानात भिंतीवर ओळी कोरायचे, त्या पाठ करायचे, आणि भिंत पुसली गेली तरी कविता त्यांच्याबरोबर बाहेर आली. चित्र पाठ करता येत नाही. श्यामची गोष्ट बराकीत सांगता आली, ऐकणाऱ्यांनी ती पुढे नेली. तुमची पिवळी फट कोण कुणाला सांगणार? झडतीत कागद गेला की चित्र गेलं. इतकी नाजूक गोष्ट इतक्या कठोर जागी पेरायची म्हणजे त्या माणसाला आणखी एका नुकसानीची तयारी करून देणं आहे.

रसिक : टिळकांना ठेवलं होतं त्याच ब्रह्मदेशात ठेइन लिन हा चित्रकार १९९८ ते २००४ राजबंदी होता. कैद्याच्या गणवेशाचं पांढरं कापड त्याचा कॅनव्हास झालं. कुंचले नव्हते, तर लायटर, सिरिंज, मिळेल त्यानं त्यानं रंग लावला, आणि ही कापडं तुरुंगातल्याच माणसांच्या मदतीनं बाहेर पोचली. पण मी त्याच्या आधारावर आशा दाखवणार नाही. बहुतेकांचा कागद जाणारच. तरी कागदाबरोबर सगळं जातं असं मला वाटत नाही. एका भिंतीवरच्या पाच वेगवेगळ्या पांढऱ्या छटा ज्यानं एकदा ओळखून मिसळल्या, त्याला ती भिंत पुन्हा कधी एकरंगी दिसत नाही. शिक्षा नजरेवरही होते. वर्षानुवर्षं जवळच्याच पृष्ठभागांवर आपटून डोळे बोथट होतात. त्यांना धार लावायचं काम गणपतीच्या साच्यानं होणार नाही.

साशंक : साच्याला इतकं कमी लेखू नका. मूर्तीचे डोळे आखणाऱ्या माणसाचा हात बघा, तिथे श्वाससुद्धा रोखावा लागतो.

रसिक : मान्य. साचा हा शब्द मी मागे घेतो. मला गणपतीच्या विरोधात बोलायचंच नाही. प्रभाकर बरवे, अंबादास हे आपले मोठे अमूर्त चित्रकार सरकारच्या विणकर सेवा केंद्रात कापडाच्या नक्षीचं काम करत पोट भरत होते. पैठणीच्या मागाशेजारी अमूर्त चित्र बसू शकतं, त्याला इतिहास आहे. माझी तक्रार इतकीच की कारखाना विभागाच्या वहीत पैठणीला रकाना आहे आणि चित्राला नाही.

साशंक : मग रकान्याबद्दलच बोलू, कारण माझी खरी अडचण तिथे आहे. पण आधी दुसऱ्या एका व्यक्तीबद्दल. जिचा मुलगा या माणसानं मारला, गुन्हा सिद्ध झाला, जन्मठेप लागली, ती बाई. तिला कळलं की तो आत पट्ट्या रंगवतो आणि लोक त्याच्या छटांचं कौतुक करतात. त्यानं तिच्या मुलाचा चेहरा काढला असता तर निदान तो तिच्या मुलाकडे बघतोय एवढं तरी तिला दिसलं असतं.

रसिक : तो चेहरा तिला नकोसा झाला असता अशीच शक्यता जास्त आहे. मारणाऱ्याच्या हातानं काढलेला आपल्या लेकराचा चेहरा कोणती आई भिंतीवर लावेल? तिला उत्तर चित्रानं द्यायचंच नाही. तिचं देणं न्यायालयानं ठरवलं आहे आणि तो ते भोगतो आहे. त्या देण्यात चित्र जमा धरू नये, हे मी तुमच्याइतकंच ठामपणे म्हणतो. म्हणून माझी अट आहे, अमूर्त चित्राचा उपयोग माफीसाठी, फर्लोसाठी, मुदतपूर्व सुटकेच्या अर्जासाठी करू नये. ते त्याच्या बाजूनंही बोलायला नको आणि विरुद्धही नको.

साशंक : थांबा, हे तुम्ही सहज बोललात, पण याचा अर्थ काय होतो? जन्मठेपेच्या कैद्याला चौदा वर्षं पुरी होण्याची वाट बघायची असते, आणि पुढचंही सगळं त्याच्या नोंदींवर अवलंबून. मूर्ती केली, नोंद झाली. पैठणी विणली, नोंद झाली. चित्र काढलं, नोंद नाही. मग चित्र कोण काढेल? ज्याला सुटण्याची आशा उरलेली नाही तो, किंवा ज्याचे नातेवाईक मनीऑर्डर पाठवतात तो. ज्याला एकेक दिवस कमवायचा आहे तो मागावरच बसेल. बाहेरच्यासारखंच झालं की, मौन परवडतं त्यालाच मिळतं. मघापासून मी त्याला कारखान्यात पाठवत होतो, आता मलाच विचारावंसं वाटतं, त्याच्या सगळ्या कामांतलं सर्वांत स्वतःचं काम तेवढं बिनहिशेबी का राहावं?

रसिक : आणि हिशेबात धरलं की तो माफीसाठी चित्र काढेल. कोणत्या छटा साहेबांना आवडतात ते दोन महिन्यांत बराकीला कळेल, आणि कबुतरांच्या जागी पिवळ्या फटी येतील. एक मधला रस्ता सुचतो. वेळेची मजुरी द्यावी, चित्राची नाही. तो दोन तास कागदावर बसला, दोन तासांचे पैसे. काय काढलं याबद्दल वहीत एक शब्द नाही. आणि उद्या त्याला पट्ट्यांऐवजी बराकीतली गर्दी काढावीशी वाटली, शिपायाच्या हातातली काठी काढावीशी वाटली, तर तीही त्याच दरानं, त्याच मुकेपणानं. हे झालं नाही तर तुमची मघाची शंका खरी ठरते. काठी काढायला बंदी असेल तर पट्ट्या ही त्याची निवड राहत नाही.

साशंक : ही अट मी तुमच्यापेक्षा घट्ट धरीन. काठी काढण्याची मुभा असलेल्या माणसानं पट्ट्या काढल्या तर मी त्यांच्यापुढे तुम्ही म्हणाल तितका वेळ उभा राहीन. पण तुमची मजुरी वहीत लिहायला कुणीतरी सही करायला हवी. पैठणीची वीतभर लांबी वाढलेली दिसते. मूर्ती सुकायला ठेवलेली दिसते. तो माणूस दोन तास कागदासमोर बसला, एक रेषा ओढली, ती पुसली आणि कागद कोरा राहिला. कारखाना विभागाचा माणूस येतो, कागद बघतो. त्यानं काम झालं असं लिहायचं की नाही?

रसिक : लिहायचं.

साशंक : कशाच्या आधारावर? कोऱ्या कागदासमोर बसलेल्या कैद्यानं काम केलं असं लिहायचं, तर त्याला त्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल. तुरुंगातली कोणती वही आजवर तशी लिहिली गेली आहे?